ओव्हरटाइम कागदावर आणा

(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा येथील कामगार मेळाव्यात केलेलं भाषण, सप्टेंबर २०२५)



बंधू-भगिनींनो, तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न बरेच वेळा आहे : अमेरिकेत ओव्हरटाइम आणि टिप करमुक्त झाली, आपल्याकडे कधी होणार?

आधी तिकडचं नीट समजून घेऊ. ४ जुलै २०२५ रोजी तिथं कायदा झाला. २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी टिपेवर वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत वजावट मिळते. ओव्हरटाइमवर १२,५०० डॉलरपर्यंत, तीही दीडपट दरातल्या वरच्या अर्ध्या भागावरच. सामाजिक सुरक्षेसाठीची कपात तशीच चालू आहे.

आता आपलं. आपल्याकडे ओव्हरटाइम हा पगाराचाच भाग, म्हणून करपात्र. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेत पगारदाराला पाऊण लाखाची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर शून्य आहे. इथं बसलेल्यांपैकी किती जण या आकड्याच्या जवळ आहेत? म्हणजे आयकर हा आपला मुख्य प्रश्न नाहीच. तरीही कंत्राटदार सांगतो, "ओव्हरटाइम रोखीनं घे, कागदावर दाखवला तर कर कापला जाईल." आणि आपण मान डोलावतो.

हिशेब करू. पगार १५ हजार, महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास. तासाला साधारण ७२ रुपये पडतात. रोज एक तास जादा काम केलं, तर महिन्याला २६ तास. कायद्याप्रमाणे दर दुप्पट, म्हणजे ३,७५० रुपये. रोखीत बहुतेक वेळा एकपट मिळतात, १,८७५. वर्षाला साडेबावीस हजार गेले. कागदावर सगळं आलं असतं तरी वर्षाचं उत्पन्न सव्वादोन लाख, आयकर शून्य.

ईएसआय असेल तर आणखी एक गोष्ट. जुन्या ईएसआय कायद्यात ओव्हरटाइमवरही वर्गणी लागत असे; सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली तसं स्पष्ट केलं होतं. त्या ३,७५० वर तुमचे सुमारे २८ रुपये जात, मालकाचे सुमारे १२२. मग रोखीनं वाचायचं कोणाचं? कामावर अपघात झाला तर मिळणारा लाभ नोंदलेल्या वेतनावर ठरतो. रोखीचे तास त्यात धरले जात नाहीत. हात गेल्यावर कोणत्या तोंडानं सांगणार, की मी रोज नऊ तास राबत होतो?

हॉटेलात काम करणाऱ्या पोरांसाठी टिपेचं सांगतो. २०१६ साली आयटीसीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, टिप गिऱ्हाईक देतं, मालक देत नाही; म्हणून ती पगार नाही. कार्डावर आलेली टिप मालकानं वाटली तरी त्यातून पगाराप्रमाणे टीडीएस कापायचा नाही. ती वेटरचं 'इतर उत्पन्न' म्हणून करपात्र आहे, पण आपल्या मर्यादेत तिथंही कर शून्यच. यातून निघतं ते महत्त्वाचं : टिप पगार नसेल, तर टिपेकडे बोट दाखवून मालकाला किमान वेतन कमी देता येत नाही.

आणि विडी वळणाऱ्या बहिणी? त्यांना हजार विड्यांमागे पैसे मिळतात. घरी रात्री दिव्याखाली गेलेले तास कोणी मोजतच नाही. त्यांना ओव्हरटाइम हा शब्दच लागू होत नाही. करसवलतीच्या गप्पांत त्यांची आठवण ठेवू या.

हे आजच बोलायचं कारण आहे. ३ सप्टेंबरला राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांत रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं म्हटलं आहे. संमती लेखी असेल, तर तासही लेखी पाहिजेत आणि दामही. कोऱ्या कागदावर सही करू नका.

जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. त्या गिरण्यांत हिंदू होते, मुसलमान होते. भोंगा सगळ्यांना एकच होता. मजुराची मजुरी वेळेवर आणि पुरी द्यावी, ही शिकवण आपल्या दीनमध्येही आहे. पण ती मागायची नागरिक म्हणून, कायद्याचं नाव घेऊन.

म्हणून तीन कामं करा. आल्या-गेल्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहा. पगारपत्रक मागा, त्यात ओव्हरटाइमचे तास आणि दर वेगळे पाहा. टीडीएस कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरा. कर लागत नसेल, तर तो पैसा परत मिळतो. एकट्यानं मागायला भीती वाटत असेल, तर चौघांनी मिळून मागा. वही आजपासून सुरू करा.