मिरजेहून परतीच्या तिकिटानंतर

न्यूरॉलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि मागच्या रांगांत बसलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईकहो,

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला आजारी माणूस अजूनही मिरजेचं तिकीट काढतो. अडचण परतीच्या तिकिटानंतर सुरू होते. अंगावरून वारं गेलेला माणूस काही दिवसांत घरी जातो. व्यायाम मात्र पुढं महिनोन्‌महिने करायचा असतो. जतहून, अथणीहून आठवड्यातून तीनदा कोण येणार? गाडीभाडं वेगळं, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळा.

मग आपण म्हणतो, घरचे करून घेतील. हे आपल्याच देशात तपासून झालंय. १४ रुग्णालयं आणि १,२५० रुग्णांचा ‘अटेंड’ अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटात नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करून घेतले, दुसऱ्यात नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी दगावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच. यात घरच्यांना बोल लावू नये. स्वयंपाकपाणी, गुरंढोरं सांभाळणाऱ्या सुनेनं थेरपिस्टही व्हावं, ही अपेक्षाच जादा आहे.

मग थेरपिस्टनंच दुरून देखरेख ठेवली तर? तो दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१९चा. ११ केंद्रं, १२४ रुग्ण, हाताच्या व्यायामाची ७० मिनिटांची ३६ सत्रं. निम्म्या सत्रांत थेरपिस्ट पडद्यावरून लक्ष ठेवून, उरलेल्यांत रुग्ण एकटाच. दवाखान्यात येऊन तेवढेच व्यायाम करणाऱ्यांइतकी सुधारणा घरीही झाली. हे दोन अभ्यास एका तराजूत घालू नयेत. रुग्ण वेगळे, मोजमाप वेगळं. शिवाय तिथं सगळं साहित्य घरी बसवून दिलं होतं. आपल्याकडं डब्याला टेकवलेला मोबाइल. तरी माझ्यासारख्या बिगरडॉक्टराला वाटतं, गुण येतो तो नेमून दिलेल्या मात्रेनं आणि जाणत्याच्या देखरेखीनं.

त्या मोबाइलमधून जे दिसतं, ते ओपीडीत दिसत नाही. फरशीवर सरळ चालणारा माणूस घरच्या उंबऱ्यावर अडखळतो, मोरीत घसरतो. खाट इतकी बुटकी, की उठताच येत नाही. मग मुलगा लुळा हात धरूनच ओढतो आणि खांदा दुखावतो. मायेपोटी घास भरवला जातो, त्यामुळं हात चालायचा तो चालत नाही. थेरपिस्टनं तिथल्या तिथं टोकलं, तर यातलं पुष्कळ टळेल. पण पहिली तपासणी समोरासमोरच व्हावी, आणि तोल जाणाऱ्या रुग्णाला शेजारी माणूस असल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभं करू नये.

एक विनंती. घरातला चांगला मोबाइल मुलाबरोबर सकाळी कामावर जातो. तेव्हा सत्रांच्या वेळा ओपीडीवर बेतू नका, संध्याकाळी सातनंतरच्या ठेवा. आणि त्या वेळेचा मोबदला थेरपिस्टला कोण देणार, हेही हे अधिवेशन संपण्याआधी ठरवा.