शब्दांकन कोणाचं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'लेखिका' अशी करून दिली. तिथूनच दुरुस्तीला सुरुवात करते. येतंय ते पुस्तक माझं आहे, पण ते लिहिलंय दुसऱ्या एका बाईंनी.

वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. या काळात मी लिहिलं ते कोड आणि ईमेल. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलींनी या क्षेत्रात कसं यावं, पहिल्या नोकरीत इंग्रजीची भीती कशी घालवावी, यावर एक पुस्तक करायचं मनात होतं. दोन वर्षांत अकरा पानं झाली. ती वाचून नवरा म्हणाला, "हे तर मिक्सरबरोबर येणारं माहितीपत्रक झालंय." मग ओळखीतून एक ताई भेटल्या. पूर्वी वर्तमानपत्रात होत्या, आता लोकांची पुस्तकं लिहून देतात. इंग्रजीत याला घोस्ट रायटर म्हणतात. आंद्रे आगासीचं 'ओपन' हे 2009 सालचं आत्मचरित्र जे. आर. मोरिंगर यांनी लिहिलं, पण मुखपृष्ठावर त्यांचं नाव नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आता निवृत्तीची भाषा बोलू लागलेत, म्हणजे आत्मचरित्रं येणारच! म्हणून अनुभवाचे दोन शब्द सांगते. मला वाटलं होतं, आपण मुद्दे द्यायचे आणि त्यांनी पुस्तक द्यायचं. तसं होत नाही. चौदा रविवार आम्ही समोरासमोर बसलो, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवून. मी म्हणायचे, "खूप कष्ट केले." त्या विचारायच्या, "म्हणजे काय केलं? किती वाजता उठायचात? डब्यात काय असायचं?" आमच्याकडे ग्राहकाची नेमकी गरज काढून घेताना आम्हीही असंच खोदत बसतो. फरक इतकाच की या वेळी खोदकाम माझ्यावर चाललं होतं.

दुसरं, करार लेखी करा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकुराचा पहिला हक्क सहसा लिहिणाऱ्याचा असतो, पैसे दिले म्हणून तो आपोआप आपला होत नाही. तो लेखी आणि सहीनिशी घ्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मानधन किती हप्त्यांत, किती वेळा दुरुस्त्या, रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार आणि नाव कुठे छापणार, हे सगळं आधीच ठरवा. आम्ही शेवटचा मुद्दा सोडून सगळं ठरवलं. "ते नंतर बघू," असं मीच म्हणाले होते. खरं सांगायचं तर मुखपृष्ठावर फक्त माझं नाव हवं होतं.

मग तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा आला. त्यात वाक्य होतं : 'लेखनाची आवड मला शाळेपासूनच होती. आठवीत निबंध स्पर्धेत माझा पहिला क्रमांक आला.' ताईंची काही चूक नव्हती. हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले होते.

बाई, तुम्हाला तो निबंध आठवत असेल. 'आमच्या गावची नदी.' वर्गातून एकच निबंध तालुक्याला पाठवायचा होता. तुम्ही तो वर्गात वाचून दाखवलात. तो मी लिहिला नव्हता. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं लिहिला होता, आणि त्या बदल्यात मी सहामाहीपर्यंत तिची भूमिती सोडवून देत होते. तिनं दोन निबंध लिहिले, एक माझ्या नावानं, एक स्वतःच्या. तुम्ही निवडलात तो माझ्या नावाचा.

खर्ड्यातल्या त्या ओळीवर मी अडकले. आम्ही प्रोग्रॅमर 'गिट' वापरतो. त्यात 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. ती दिली की कोडमधली प्रत्येक ओळ शेवटची कोणी बदलली, ते नावासकट दिसतं. पुस्तकाला अशी सोय नाही. तिथे ज्याचं त्यानंच सांगावं लागतं.

मी मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, "अगं, तो निबंध..." ती लगेच म्हणाली, "नदीचा ना? बाई वाचत होत्या तेव्हा मी शेजारीच होते. छान वाटत होतं. पण सगळे तुझ्याकडे बघत होते." मग जरा थांबून म्हणाली, "त्यानंतर मी काही लिहिलं नाही बघ. निबंधामुळे नसेल. पण नाही लिहिलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पुस्तकात हे लिहू का, असं विचारलं. ती म्हणाली, "लिही. नाव मात्र घालू नको." म्हणून इथेही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंना ती ओळ काढायला सांगितली आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे रेकॉर्डिंग सुरू केलं. आता तिसरं प्रकरण तेच आहे, आणि पुस्तकातलं ते सर्वांत चांगलं प्रकरण आहे, असं त्यांचं मत. मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली 'शब्दांकन' म्हणून त्यांचं नाव येणार आहे. आपल्या भाषेत हा चांगला शब्द आहे, त्यात लपवाछपवी नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये पुस्तक निघालं. त्यात गाणी आईची होती आणि लेखणी मुलाची.

त्या स्पर्धेत मला बक्षीस म्हणून शब्दकोश मिळाला होता. तो आज पिशवीत घालून आणलाय. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का आणि माझं नाव आहे. ते खोडलेलं नाही, त्याखाली तिचं लिहिलंय. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता माझ्याकडे रागानं बघतेय.

बाई, जेवणाआधी त्या पानावर तुमची सही हवी आहे. मग तो शब्दकोश तिच्या घरी जाईल.