महायुगाचे दिवस

उज्जयिनीचे नाव निघाले की महाकाल आणि कालिदास आठवतात. या नगरीशी एक संख्याही निगडित आहे: १,५७,७९,१७,८००. प्राचीन सूर्यसिद्धान्ताच्या गणिताप्रमाणे एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, इतके दिवस होतात. तो मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण अवंतीच्या वराहमिहिराने शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५, हे आरंभवर्ष धरून रचलेल्या ‘पंचसिद्धान्तिके’त त्याचे गणित टिकून राहिले.

एवढी प्रचंड संख्या पाहून ती कल्पनेची भरारी असावी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिच्या मुळाशी एक व्यावहारिक अडचण आहे. वर्षात दिवस पूर्णांकाने मावत नाहीत. ३६५ दिवसांवर काही अंश उरतोच. हा अपूर्णांक दरवर्षी वागवीत बसण्यापेक्षा, तो जितक्या काळात पुरा होतो तो काळच हिशेबाला घ्यावा, ही जुन्या गणकांची रीत. वर्षे आणि दिवस या दोन्ही संख्यांना ५,४०० ने भागले म्हणजे ८०० वर्षे व नेमके २,९२,२०७ दिवस उरतात. याहून लहान रूप होत नाही. सूर्याचे मध्यम स्थान काढण्यास वराहमिहिराने याच दोन संख्या योजल्या. त्यांवरून वर्षमान ३६५.२५८७५ दिवसांचे येते. शिवाय २,९२,२०७ ला सातांनी भागले असता सहा उरतात. म्हणून मध्यम मेषसंक्रमण एकदा रविवारी झाले, तर ८०० वर्षांनी ते त्याच घटकेला, परंतु शनिवारी होईल.

पुढे प्रचलित सूर्यसिद्धान्तात हे दिवस १,५७,७९,१७,८२८ मानले गेले. भर अवघ्या अठ्ठावीस दिवसांची. एका वर्षाच्या वाट्याला ती अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक येते. परंतु नव्या संख्येचा आणि ४३,२०,००० चा मोठ्यात मोठा सामाईक विभाजक केवळ ४ आहे. त्यामुळे ८०० वर्षांचे सुटसुटीत चक्र एकदम १०,८०,००० वर्षांचे झाले.

आधुनिक वेधांनुसार नाक्षत्र वर्ष सुमारे ३६५.२५६३६ दिवसांचे आहे. वराहमिहिराने दिलेले मान त्याहून सुमारे ३ मिनिटे २६ सेकंदांनी मोठे. ८०० वर्षांत ही तफावत जवळजवळ दोन दिवसांची होते, आणि संक्रांतीचा दिवस चुकण्यास तेवढी पुरेशी आहे. यासाठीच गणिताला वेधाची जोड लागते. उज्जयिनीच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंदे यांनी करविला. गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक. १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली, तेव्हा पंचांगगणिताच्या मध्यवर्ती स्थानाचा अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचाच, धरण्यात आला.

दिवसांची गणती अशी पूर्णांकात स्पष्ट मांडलेली होती, म्हणूनच पुढच्यांना तिच्यातील उणीव सेकंदापर्यंत मोजता आली. त्या प्राचीन संख्येचे खरे मोल याच गोष्टीत आहे.