एका बाटलीचे १५,९०० रुपये



कविता वाचायला उभा राहतो तसा आज हिशोब वाचायला उभा आहे.

माझ्या ताईची पोर साडेतीन वर्षांची. वजन बारा किलो. बसते, पण उभी राहत नाही. रोगाचं नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. मॅट्रिकच्या इंग्रजीवर मी तो कागद महिनाभर फोडत बसलो. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्यांना जगायला एक प्रथिन लागतं. ते बनवणारं जनुक तिच्यात बंद पडलंय. जोडीला दुसरं जनुक असतं, आपल्या बदली कामगारासारखं. त्याच्या हातून थोडंच काम होतं. रिसडिप्लाम नावाचं औषध या बदलीवाल्याकडून जास्त काम काढून घेतं. रोज तोंडानं घ्यायचं, जन्मभर. मेलेली पेशी मात्र परत येत नाही. म्हणून घाई. डोकं एकदम तल्लख. "मामा, तुझ्या हाताला गंजाचा वास येतो," म्हणते.

वस्तीत लोक काय बोलले? ताईचं पोट खराब. मागच्या जन्मीचं पाप. हे मागच्या जन्माचं खातं आपल्या बापजाद्यांच्या नावावर हजारो वर्षं चढवलं, आता त्यात बारा किलोची पोर घालताय? आई आणि बाप, दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तर हा रोग होतो. अशा जोडप्याच्या दर मुलामागे चारात एक धोका. आईबाप दोघं धडधाकट दिसतात. यात पाप कुठं आलं?

आता किंमत. रोश या स्विस कंपनीची बाटली सुमारे ६ लाखांची. आमच्या पोरीच्या वजनाला एक बाटली वीस दिवस पुरते. वर्षाला अठरा बाटल्या, म्हणजे एक कोटीच्या वर. सरकारचं २०२१चं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे, २०२२ पासून त्यात ५० लाखांपर्यंत मदत आहे. त्या भावानं आठ बाटल्या. पाच महिने. मग पुढं काय, पोरीनं श्वास उधार आणायचा? त्याच धोरणात लोकांकडून वर्गणी गोळा करायचं पोर्टलही आहे. म्हणजे डबा सरकारनंच फिरवलाय!

मग हैदराबादच्या नॅटकोनं तेच औषध बनवलं. रोश पेटंट घेऊन कोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं मनाई हुकूम नाकारला, ऑक्टोबरात अपील फेटाळलं, सुप्रीम कोर्टानंही हात घातला नाही. बाटली आली १५,९०० रुपयांना. सहा लाखांचं पंधरा हजार नऊशे! औषध तेच. मग वरचे पाच लाख चौऱ्याऐंशी हजार कशाचे होते, हे कुणीतरी मला गोदीच्या भाषेत समजावून सांगा.

आता तेच ५० लाख मिळाले तर पोर मोठी होऊन डोस वाढला तरी दहा वर्षं निघतील. पण आमचा अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून आहे. तोवर वर्षाला २,८६,२०० रुपये हवेत. ताईनं आधी फ्रिज हप्त्यानं घेतला, कारण बाटली थंडीत ठेवावी लागते. मंगळसूत्र विकून पहिली बाटली आली.

आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, "चळवळ सोडून घरची भीक मागतोस?" बाबा रे, कोर्टात लढून किंमत खाली आली तिला चळवळच म्हणतात. आणि मी भीक मागत नाही, मजुरी मागतोय. ओझं वाहतो, त्याचे पैसे द्या.

येत्या रविवारी सकाळी सहाला भाऊच्या धक्क्यावरून निघणार, दादर चौपाटीपर्यंत. पाठीवर पन्नास किलोची गोणी. टोळीतले चौघं सोबत आहेत, पण गोणीला त्यांनी हात लावायचा नाही. मी टेकवली तर पाणी पिऊन पुन्हा उचलीन. दम लागेल तिथं कविता म्हणेन, ऐकणाऱ्यानं डब्यात टाकायचं. पैसे थेट ताईच्या बँकखात्यात. दर शनिवारी जमाखर्च वाचनालयाच्या फळ्यावर लागेल, औषधाच्या पावतीसकट. ज्याला शंका असेल त्यानं फळ्याखाली उभं राहून विचारावं, मला राग येणार नाही.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी अर्जाच्या मागं लागायला सोमवारी माझ्याबरोबर यावं. दहा जण पुरेत. खाडा पडेल, आधीच सांगतो.