पैठणच्या खालीही गोदावरी आहे



नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते अशा मराठवाड्यातल्या या शहरात मी सांगायला आलो आहे की, समुद्राला मिळणारे पाणी वाया जात नाही. रागावू नका. मराठवाड्याचेच म्हणणे मी थोडे पुढे नेतो आहे.

१९७६ साली पैठणला गोदावरीवर जायकवाडी धरण उभे राहिले. पण वर नाशिक-नगरकडे धरणे भरायची आणि आमचा जलाशय, नाथसागर, रिता राहायचा. खालच्यालाही हक्क आहे, असे आपण म्हणालो. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, २०१६ साली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. छान झाले. पण ‘खालचा’ पैठणलाच संपतो का?

गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते. पैठणच्या पुढे तिची बहुतेक वाट अजून शिल्लक असते. आपल्या काळ्या पाषाणावरून वाहताना ती त्यातली सिलिका विरघळवून नेते. समुद्रातले डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल त्या सिलिकेचे कवच बांधते. ते शैवाल बारीक जीव खातात, त्यांना मासे खातात. बंगालच्या उपसागरातल्या कोळ्याच्या जाळ्यात सह्याद्रीचा दगड असा पोहोचतो! काकिनाड्याजवळच्या कोरिंगा कांदळवनाला गोडे पाणी लागते आणि गाळही. गाळ धरणांत अडला की त्रिभुज प्रदेशात नवी भर पडत नाही, लाटा किनारा खात जातात. हिलसा मासा समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला पुराच्या पाण्यातून नदीत चढतो. गोदावरीत त्याची वाट राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी अडते. तिथला मूळ बंधारा १८५२चा, म्हणजे ही चूक काही आजची नाही.

धरणे नकोत, असे मी म्हणत नाही. नाथसागराच्या उथळ काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. माणसाने अडवलेल्या पाण्यातही जीव वस्तीला येतात, पाणी स्वच्छ ठेवले तर. इथे मात्र आपली बाजू लंगडी आहे. आपल्या शहराचे सांडपाणी घेऊन खाम नदी त्याच गोदावरीला मिळते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. नाशिककरांकडे पाणी मागणाऱ्यांनी खालच्यांना काय पाठवले, याचा जाब एक दिवस परभणी-नांदेडकर विचारतील. विचारायलाच हवा.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणी जलसंपदा खात्यात जाईल, कुणी वकिली करील, कुणी गावचा सरपंच होईल. पाणीवाटपाचा तक्ता समोर येईल. त्यात पिण्याचे, शेतीचे, उद्योगाचे रकाने असतील. नदीचा रकाना बहुधा नसेल. तो घातल्याशिवाय त्या तक्त्यावर सही करू नका.