वाट बंद व्हायच्या आधी

(१९७७ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, एस.टी.तल्या गमतीजमती सांग. छत्तीस वर्षं एस.टी.त काढली, शेवटची काही वाहतूक नियंत्रक म्हणून. गमती पुष्कळ आहेत, त्या जेवताना सांगतो. आत्ताची दहा मिनिटं मला दुसऱ्या गोष्टीसाठी हवी आहेत.

भूगोलाचे सर समोर बसलेत. त्यांनी आपल्याकडून कृष्णेच्या उपनद्या पाठ करून घेतल्या होत्या. कोयना कराडला मिळते, येरळा ब्रह्मनाळला, वारणा हरिपूरला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. चुकलं की पट्टी. सर, पाठ झालं होतं, पण त्याचा अर्थ मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळला. आपल्या गावात पाऊस उघडला तरी पाणी चढतच राहतं, कारण ते आपल्या पावसाचं नसतंच. ते वरच्या डोंगरातलं असतं.

निवृत्त होऊन मला जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडं पोराटोरांनाही माहीत. पाणी धोक्याच्या वर गेलं तेव्हा गल्लीतली माणसं मला विचारायला आली. आयुष्यभर लोकांना 'गाडी किती वाजता' हे सांगत आलो, म्हणून माझ्या शब्दाला वजन. मी म्हणालो, "२००५ ला पाणी आपल्या तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं. त्याच्या वर काय येतंय!" लोक परत गेले. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात ते रात्री शिरलं.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, मधुमेही. इन्शुलिन फ्रिजमध्ये, वीज गेलेली. दारात दोन म्हशी. दुसऱ्या दिवशी बोट आली, तर दादा म्हशी सोडून यायला तयार होईनात. त्यांनी शेवटी दावी कापली, म्हशींच्या पाठीवर हात फिरवला आणि बोटीत बसले. एक म्हैस पुढं सापडली, एक नाही. गडबडीत इन्शुलिन घरीच राहिलं. पायाला पत्रा लागला होता, त्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आज आपण बसलोय त्याच हॉलमध्ये दादा चार दिवस होते. इथं बिस्किटांचे पुडे छताला लागले होते, जुन्या कपड्यांचा ढीग मारुतीच्या देवळाएवढा होता. दादांचं इन्शुलिन मात्र नव्हतं. पुढं जखम चिघळली आणि डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

दादांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. म्हणूनच मला हे तुमच्यासमोर बोलायचं होतं.

मदत आली नाही, असं मी म्हणणार नाही. लष्कर आलं, एन.डी.आर.एफ. आली, गावोगावची तरुण मंडळं आली, कुठून कुठून चाऱ्याच्या गाड्या आल्या. कमी पडले ते दोनच: वेळ आणि वाट. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि १७ माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. ती हौसेनं बसली नव्हती. पायवाट संपली की सगळ्यांचा जीव एकाच बोटीवर येतो. बोट लागूच नये, एवढ्या आधी निघणं हाच खरा उपाय आहे.

मग माणसं आधी का निघत नाहीत? मी गल्लीत घरोघर बसून विचारलं. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळालं, "जनावरं कुठं न्यायची?" माणसासाठी शाळा आहे, पाहुणे आहेत. म्हशीला पाहुणा कोण? म्हणून आमच्या यादीत पहिली ओळ लिहिली: आधी जनावरं. गोठा रिकामा झाला की घर आपोआप रिकामं होतं.

त्याला वाहन लागतं, आणि ते गावातच आहे. आपल्याकडं ट्रॅक्टरला तोटा नाही. पावसाळ्यात कारखाने बंद, म्हणजे ट्रॉल्याही मोकळ्या. पण २०१९ ला निम्म्या ट्रॉल्या चाकं काढून दगडांवर उभ्या होत्या. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ ट्रॉल्या चाकांवर आणून ठेवायच्या, हे मालकांशी बोलून ठरवलं आहे. ड्रायव्हरची नावं दोन-दोन, कारण एकाचं घर बुडत असेल तर तो तुमची म्हैस न्यायला येणार नाही. डिझेल आधीच भरून ठेवायचं, कारण वीज गेली की पंपही थांबतो. आणि वाहत्या पाण्यात ट्रॅक्टर घालायचा नाही, मग तो कितीही उंच असो.

वाटेचं गणित मी एस.टी.च्या सवयीनं मांडलं. आपल्या गावातून बाहेर पडायला तीन रस्ते. आधी ओढ्यावरचा पूल जातो, मग स्टँडचा रस्ता, शेवटी या माळाकडची वाट. आयर्विनला किती फूट झाले की कुठला रस्ता बंद होतो, हे जुन्या माणसांना विचारून लिहून काढलं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलं. गाडी वेळेवर सुटते तशी गल्ली आकड्यावर सुटली पाहिजे. 'बघू सकाळी' हे चालणार नाही.

साहित्याचा हिशेब म्हणजे आपलं शाळेतलं त्रैराशिकच. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर पाणी धरा. ४०० माणसं, तीन दिवस, म्हणजे ६,००० लिटर. दुभत्या जनावराला रोज वीस-पंचवीस किलो ओला चारा आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी. हे आकडे कळले की बिस्किटांपेक्षा चाऱ्याची आणि टाकीची काळजी जास्त वाटायला लागते. त्याशिवाय क्लोरीनच्या गोळ्या, ओ.आर.एस., टॉर्च, दोरखंड, ताडपत्र्या. बायकांसाठी पॅड आणि आतले नवे कपडे. २०१९ ला हे मागायला बायका लाजत होत्या आणि द्यायचं आम्हा पुरुषांना सुचलं नव्हतं.

दुसरी वही औषधांची. कुणाला इन्शुलिन, कुणाला रक्तदाबाची गोळी, कुणाचं डायलिसिस, कुणाचा नववा महिना चालू. डायलिसिसवाले आणि गरोदर बायका पाणी इशारा पातळीला येताच सांगलीकडं किंवा नातेवाइकांकडं रवाना. इन्शुलिन फ्रिजबाहेर काढावं लागलं तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, कोरड्या डबीत ठेवायचं. उन्हात किंवा बर्फाला चिकटवून नाही. ही वही आशाताईंकडं असते आणि दर मे महिन्यात नव्यानं लिहिली जाते. जुनी यादी म्हणजे गेल्या वर्षीचं वेळापत्रक.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा धोक्याच्या बरंच वर गेलं. करोनाचे दिवस, लोक कॅम्पात यायला बिचकत होते. पण आमची गल्ली अंगणात पाणी यायच्या आधी रिकामी झाली होती. जनावरं या माळावर आणि माणसं विखरून पाहुण्यांकडं. सगळं जमलं असं नाही. खालच्या वस्तीवरचं ऊसतोड मजुराचं एक कुटुंब आमच्या यादीतच नव्हतं, कारण त्यांचं रेशनकार्ड दुसऱ्या गावचं. पोरांनी त्यांना वेळेवर आणलं, पण तो योगायोग. आता यादी रेशनकार्डावर नाही, चुलीवर होते. जिथं चूल पेटते, ते घर यादीत.

आता तुमच्याकडं मागणं. आपल्या वर्गाने शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलं आहे. कमानीचा विषय निघालाय. माझी विनंती आहे की कमान पुढच्या वर्षी करू. यंदा हॉलमागची पडीक खोली साहित्याच्या कोठीसाठी दुरुस्त करू आणि माळावर दहा हजार लिटरची टाकी बसवू. चाव्या तिघांकडं, आणि जूनमध्ये एकदा सगळ्यांसमोर मोजदाद.

पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, तुमचं काम वेगळं. पूर आला की गाडी भरून पाठवण्याआधी फोन करा. काय हवं ते विचारा, आणि कपडे नको म्हटलं तर रागावू नका. गावातले फोन लागेनासे झाले तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आहे, रुग्णवाहिकेचा १०८ आहे.

शेवटचं. आपले सर आणि बाई आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. सर, औषधांच्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं आहे. तुम्ही आम्हाला कधी वर्गाबाहेर जाऊ दिलं नाहीत. पण पुढच्या वेळी मी दारात ट्रॉली घेऊन उभा राहिलो, तर 'बघू सकाळी' म्हणू नका. लगेच बाहेर या.