देवमाशाच्या पाठीवरील खूण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा काही जणींना हसू आवरले नाही. ते साहजिकच आहे. आपला मुलूख उसाचा, नीरा-भीमेच्या पाण्याचा. समुद्र पाहावयाचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. मग बारामतीत बसून देवमाशाची कथा कशासाठी?

त्याचे कारण असे की, ज्या साधनाविषयी मी बोलणार आहे ते आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोचले आहे. उसावर औषध फवारणारा ड्रोन आपण सर्वांनी पाहिला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातील १५,००० महिला बचतगटांना असे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली आणि ते चालविणाऱ्या भगिनींना ‘ड्रोन दीदी’ हे नाव मिळाले. हेच साधन समुद्रावर कोणते काम करते, हे आज पाहावयाचे आहे.

देवमासा नावाने मासा, परंतु जातीने मासा नव्हे. तो आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो आणि मादी पिलाला अंगावर पाजते. निळा देवमासा तर पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी. त्याची लांबी तीस मीटरपर्यंत भरते. असे असूनही त्याच्याविषयी आपल्याला फार थोडी माहिती आहे. तो श्वासापुरता वर येतो, श्वासाचा फवारा सोडतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. ना त्याला तराजूत घालता येते, ना दवाखान्यात आणता येते.

पूर्वी संशोधक लहान होडी घेऊन त्याच्या अगदी जवळ जात आणि लांब काठीच्या टोकाने त्याच्या पाठीवर यंत्र चिकटवीत. यात माणसाच्या जिवाला धोका होता आणि इंजिनाच्या आवाजाने जनावर बिथरत असे. अलीकडे हे काम ड्रोनने होऊ लागले आहे. अमेरिकेतील ‘ओशन अलायन्स’ ही संस्था यात अग्रेसर आहे. देवमाशांचे गाणे जगाला ऐकविणारे रॉजर पेन यांनी १९७१ साली ती स्थापन केली.

ड्रोनची कामे मुख्यतः तीन. पहिले मोजमापाचे. ड्रोन नेमका किती उंचीवर आहे हे ठाऊक असले, की छायाचित्रावरून देवमाशाची लांबी आणि रुंदी गणिताने काढता येते. आपल्या अंगणवाडीताई बाळाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजून ते सुदृढ की अशक्त हे सांगतात ना, तसेच हे आहे. या मोजमापातून एक गोष्ट स्पष्ट झाली. दक्षिण समुद्रातील काही जातींच्या माद्या पाजण्याच्या काळात जवळजवळ उपाशी असतात. पिलू दिवसागणिक भरत जाते आणि आई तितकीच वाळत जाते. भगिनींनो, हे ऐकून आपल्यापैकी कोणालाच नवल वाटणार नाही.

दुसरे काम श्वासाचे. ड्रोनला उथळ ताटल्या बांधून तो फवाऱ्यातून नेतात. ताटलीत जे तुषार जमतात त्यांतून जनावराचे कूळ आणि शरीरातील रसायने तपासता येतात. सुई टोचावी लागत नाही.

तिसरे काम खूण लावण्याचे. रबरी चूषक बसविलेले लहानसे यंत्र ड्रोन काही मीटर उंचीवरून पाठीवर अलगद सोडतो. भिंतीवर आकडा चिकटवावा तसे ते चिकटते. देवमासा किती खोल गेला, कसा वळला, कोणता आवाज काढला, याची ते नोंद ठेवते. काही तासांनी ते आपोआप सुटून पाण्यावर तरंगते आणि त्याच्या संदेशावरून शोधून आणता येते.

महिनोन्‌महिने माग ठेवावयाचा असेल तर मात्र उपग्रहाशी बोलणारे यंत्र कातडीत रोवावे लागते. ते काम सहसा होडीतूनच करतात. अशा एका यंत्राने आपल्याच अरबी समुद्राची हकीकत उलगडली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर एका कुबड्या देवमाशिणीला यंत्र लावण्यात आले. तिच्या शेपटीवरील खूण धुपाच्या झाडासारखी दिसते, म्हणून तिचे नाव ‘लुबान’. ही बाई एकटीच अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, आपल्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे गेली आणि पुन्हा ओमानला परतली. या जातीचे जनावर भारतापर्यंत येते याचा उपग्रहाने दिलेला तो पहिला पुरावा. तिचे सासर तिकडे आणि माहेर इकडे म्हणावे, असाच तो प्रवास!

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. ओमानच्या पाण्यात असे देवमासे शंभरही उरलेले नाहीत, असा अंदाज आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात सुमारे २४० कुबडे देवमासे मारले आणि ही गोष्ट जगाला १९९० नंतरच कळली. व्यापारी शिकारीवर १९८६ पासून बंदी आली; तरी मोठ्या जहाजांची धडक आणि मासेमारीचे जाळे ही दोन संकटे कायम आहेत. त्यांच्या वाटा कळल्या तरच जहाजांच्या वाटा बाजूला सारता येतील. लुबानच्या पाठीवरील यंत्राचे मोल यातच आहे.

आपला कोकण किनाराही यापासून दूर नाही. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत एक पिलू रुतले. गावकरी, वनखाते आणि बचाव पथक यांनी खपून त्याला खोल पाण्यात नेले. तरीही ते वाचले नाही. जाळ्यात अडकलेले संरक्षित जनावर सोडविण्यासाठी कोळ्याने जाळे कापले, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या अखेरीस सुरू केली. जाळे कापणे म्हणजे घरातील चूल विझविणे, हे ओळखूनच ती आखली असावी. दया करणाऱ्याच्या घरी भाकरीही शिजली पाहिजे. नाहीतर दया फार दिवस टिकत नाही.

आता आपल्या दारची गोष्ट. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातील कित्येक गावांची जमीन पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर आज भिगवण, कुंभारगावकडे हिवाळ्यात अग्निपंखी रोहित उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. त्यांना पाहावयास शहरांतून पाहुणे येतात, कोणाची होडी चालते, कोणाच्या घरी चुलीवरचे जेवण होते. या पाहुण्यांपैकी काही जण थव्यावर ड्रोन उडवितात. लग्नाआधीची छायाचित्रे काढणारेही त्यांत आले. पाखरांना तो घारीसारखा वाटतो. सगळा थवा घाबरून उठतो, चरणे सुटते आणि लांबच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती फुकट जाते.

पाहा, साधन एकच आहे. समुद्रावरचा संशोधक आधी परवानगी घेतो, उंची पाळतो आणि जनावर बिथरले तर माघारी फिरतो. हौशी मनुष्य मात्र थवा उडालेला दिसावा म्हणूनच ड्रोन खाली आणतो. दोष यंत्राचा नव्हे, चालविणाऱ्या हाताचा आहे.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात किंवा होडी आहे, त्यांनी पहिल्या चहाबरोबरच सांगावे, “पाखरांवर ड्रोन उडवावयाचा नाही.” गिऱ्हाईक रागावेल ही भीती मला ठाऊक आहे, परंतु पाखरे गेली तर गिऱ्हाईकही उरणार नाही. सर्वांनी मिळून सांगितले तर एकटीवर वाईटपणा येणार नाही, आणि त्यासाठीच तर मंडळ असते. दुसरी सूचना अशी की, ज्या मुलींना यंत्राची आवड आहे त्यांना ड्रोनचे रीतसर शिक्षण अवश्य द्यावे. आज उसावर फवारणी करणारी मुलगी उद्या माळरानावरील चिंकारे मोजील आणि परवा एखादीच्या वाट्याला समुद्रही येईल.

हा ठराव आजच्या सभेतच मांडावा, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती करून मी माझे भाषण संपविते.